आजीला प्रार्थना येईना

"सात नंबरची बाई ख्रिस्ती आहे म्हणतात, पण अजून एकदाबी देवाचं नाव नाही निघालं तिच्या तोंडातून. बाकीच्या बाया ऑपरेशनच्या आधी जप करू करू डोकं खातात आपलं."

पडद्याच्या पलीकडे आयाबाई दुसरीला सांगत होती. मी सात नंबरच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. ती म्हणत होती ते खरं होतं, आणि म्हणूनच मला तिचा राग आला.

सात नंबरची बाई म्हणजे माझी आजी, आईची आई. वय चौऱ्याऐंशी. आदल्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तिला शहरात, सदर भागातल्या एका हॉस्पिटलात आणलं. हृदय थकलेलं आहे, ऑपरेशनमध्ये धोका आहे, पण केलं नाही तर त्या पुन्हा उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. ऑपरेशन दहाला होतं. आठ वाजले होते. आई रक्ताच्या बाटलीची सोय करायला खाली गेली होती आणि आजी छताकडे बघत होती.

आजी गप्प आहे याची मला एवढी धास्ती का वाटत होती, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. कळमेश्वरजवळच्या एका गावात तिने छत्तीस वर्षं मिशनच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवला. आजोबा गेले तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती, पदरात तीन मुलं. शाळा सुटल्यावर शिकवण्या, रविवारी संडेस्कूल, आणि दोन खोल्यांत तिन्ही मुलांचं सगळं तिने एकटीने केलं. बाप्तिस्मा घेतला तो पंधराव्या वर्षी, शेतातल्या हौदात. पाणी इतकं गार होतं की सगळ्यांसमोर आपल्या विश्वासाची साक्ष देताना दात वाजत होते, हे सांगताना तिला अजून हसू यायचं. आणि प्रार्थना तर तिची दिवसभर चालायची. आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत छापील प्रार्थना नसते. ज्याने त्याने आपल्या शब्दांत, मोठ्याने बोलायचं. आजी प्रभूशी बोलायची ती शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी. "प्रभू, त्या गॅसवाल्याला सुबुद्धी दे, चार दिवस झाले." कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती जुन्या विद्यार्थ्यांसाठी मागायची, त्यातल्या कोणाचं लग्न जमत नसायचं, कोणाची दारू सुटत नसायची.

आणि मी? रात्री जेवणाआधी घरात सगळे पाळीपाळीने प्रार्थना करत. माझी पाळी आली की मी हळूच "पास" म्हणायचे, पत्त्यांत म्हणतात तसं. आजी हसून पुढे जायची. मी इंग्रजी शाळेतली. तिथे प्रार्थना पाठ असायची आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटली की संपायची. चर्चमधल्या मोठ्यांचं मराठी ऐकलं की मला वाटायचं, असे भारदस्त शब्द मला कुठून येणार! तेरा वर्षांची असताना तरुणांच्या सभेत एकदा उभी राहिले, दुसऱ्या वाक्यावर अडकले, आणि इतका वेळ अडकले की कोणीतरी दया येऊन गाणंच सुरू केलं. त्यानंतर मी चारचौघांत कधी प्रार्थना केली नाही. बाप्तिस्माही लांबवत राहिले, कारण त्याआधी मंडळीसमोर साक्ष द्यावी लागते. मनातल्या मनात तरी करत होते का, असं कोणी विचारलं असतं तर मला नीट उत्तर देता आलं नसतं.

फोन वाजला. आमच्या चर्चचे पाळकसाहेब होते. आठला येणार होते, पण वाडीजवळ ट्रक उलटला होता आणि अमरावती रोड पूर्ण बंद होता. "दहाच्या आत काही पोहोचत नाही मी, बेटा. आजीला सांग, इथूनच प्रार्थना करतो."

मी सांगितलं. आजीने माझं मनगट धरलं.

"मला प्रार्थना येईना गं," ती म्हणाली. "काल पडल्यापासून. तोंड उघडते, पण आत काहीच नाही. पाटी पुसल्यासारखं झालंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होते?"

ती मरेल ही भीती मला रात्रभर होतीच. ही भीती निराळी होती. ज्या विश्वासावर हिचं आयुष्य उभं राहिलं, तो शेवटच्या दोन तासांत हिच्या हातून सुटणार, आणि आपण शेजारी नुसत्या बसून राहणार.

"तू कर," ती म्हणाली.

मी फोन काढला. ऑपरेशनच्या आधीची एक प्रार्थना इंग्रजीत सापडली, चांगली लांब. मी ती वाचली. आजीने सगळी ऐकून घेतली, मुलांचे निबंध ऐकायची तशी.

"कोणाची आहे?"

"नेटवर होती. कोण्या बाईंनी लिहिली आहे."

"त्या बाईला माझा खुबा माहीत आहे का?" ती म्हणाली. "उतरवून आणलेलं नको, बेटा."

मला रडू आलं. नेमकी तेव्हाच ती आयाबाई पडदा सारून आत आली, हातात हिरवा गाऊन. तिने आजीचा चष्मा काढून घेतला, कवळी डबीत ठेवली, साबण लावून आजीची एकुलती एक बांगडी काढली. मग माझ्याकडे बघितलं.

"काहून वं? काय झालं?"

परक्या माणसाला मी एरवी काही सांगत नाही. पण तोंडून निघून गेलं, "तिला प्रार्थना सुचत नाहीये. आणि मला करता येत नाही."

ती काही बोलणार, तेवढ्यात स्ट्रेचरवाले मामा आले. "चला, सात नंबर. थिएटरातून बोलावून राहिले."

"थांब गा जरा!" आयाबाई खेकसली. "बांगडी निघून नाही राहिली. तेल आणा लागते."

"नऊला न्यायचं सांगितलं, अन् नऊ तर वाजले—"

"मंग जाय न! बांगडी काय तुह्या बापाची आहे, लवकर निघाले?"

मामा पुटपुटत गेले. बांगडी तिच्या मुठीतच होती. तिने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दहा मिनिटं भेटले तुले. तुमच्यातलं मले काही समजत नाही. पण मोठं मोठं नको सांगू त्याले. जे असंन ते सांग." आणि पडदा ओढून बाहेर पाठ करून उभी राहिली.

मी बोलले. अर्धं मिनिटही लागलं नसेल. आजीने दात नसलेल्या तोंडाने "आमेन" म्हटलं, आणि माझं मनगट सोडलं.

ऑपरेशन नीट झालं. ती आता वॉकर घेऊन घरभर फिरते. तिची प्रार्थना मात्र लगेच परत आली नाही. तीन आठवडे रात्री जेवणाआधी तिची पाळी आली की ती नुसती "आमेन" म्हणायची. मग एके दुपारी मेथी निवडताना तिने सहज सुरू केलं, "प्रभू, ही मेथी बघ, निम्मी मातीच आहे." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत राहिले.

टाके काढायला गेलो तेव्हा मी त्या आयाबाईसाठी संत्रा बर्फी नेली होती. तिला आम्ही आठवलोही नाही. "कोणती बाई? रोज किती बांगड्या काढतो आम्ही," ती म्हणाली, आणि डबा मात्र घेतला. तिला कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. माझा राग जिच्यावर होता, तिच्याच हातून मला ती दहा मिनिटं मिळाली, एवढं मला ठाऊक आहे. देवाला शरण जायचं तर आधी श्रद्धा भरभक्कम हवी, शब्द तयार हवेत, असं मी समजत होते. त्या दिवशी आम्हा दोघींकडे दोन्ही नव्हतं, आणि तशाच गेलो. त्याबद्दल मी रोज आभार मानते, बहुतेक वेळा अजून मनातच.

मंडळीत माझी साक्ष द्यायचा दिवस ठरला आहे. पाळकसाहेब विचारतात, त्या दिवशी तू काय प्रार्थना केलीस? फार काही नव्हतं. डोळे मिटायचंही राहून गेलं होतं. आजीचा हात दोन्ही हातांत धरून मी म्हणाले होते, "प्रभू, आजीला भीती वाटतेय. मलाही वाटतेय. तू आहेस की नाही, हेसुद्धा आत्ता आम्हाला कळत नाहीये. तरी तिच्याबरोबर आत जा. मला तिथे जाऊ देणार नाहीत."