शिवणीतलं वजन

माझी थोरली बहीण पडदे शिवायची. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालतात, ते तिच्या डब्यात कायम असायचे. हातात कसब होतं, डोकं मात्र तिरपागडं.

तिला क्षय झाला, तोही औषधांना दाद न देणारा. वॉर्डात ठेवली, शिवणाचा डबाही तिने सोबत नेला. लेक जेमतेम बोलायला लागलेली. औषधं लागू पडल्याशिवाय लेकीला भेटायचं नाही, असा तिथला नियम. पोरगी माझ्याकडे राहिली आणि मलाच आई म्हणायला लागली. ते ताईने फोनवर ऐकलं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना सगळे गणितवाल्या म्हणत. थुंकीच्या तपासणीचा निकाल यायला महिनोन्‌महिने जातात. तोवर हातावर हात धरून बसण्यापेक्षा त्या वजन, ताप, रक्तात उतरलेलं औषध असं सगळं कॉम्प्युटरला घालत आणि औषधं बदलायची की नाही ते ठरवत. स्क्रीनवर रेघ उमटे. रेघ उतरली म्हणजे जंतू हटताहेत.

"वजन वाढलं की रेघ उतरते ना हो?" ताईने विचारलं.

"बऱ्यापैकी," त्या म्हणाल्या.

झालं. पुढच्या वेळी ताईचं वजन वाढलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. गालांची हाडं वर आलेली, अन् काटा म्हणतोय बाईने बाळसं धरलंय. मी म्हटलं, "हवा खाऊन वाढतेस की काय गं?" ती हसली आणि खोकत सुटली. रेघ उतरत होती, म्हणून औषधं तीच राहिली. भेटीचा दिवसही ठरला.

त्याच्या आधीच तिला रक्ताची उलटी झाली. नर्सने गाऊन उतरवला, तर त्याची खालची दुमड खाटेच्या लोखंडावर ठक्कन आपटली.

गणितवाल्यांनी खरं वजन घातलं. रेघ वर वळली. त्यांनी एकेक औषध बदलून पाहिलं, रेघ काही खाली येईना. थुंकीचा निकालही तेच सांगत आला: मधल्या काळात जंतूंनी उरलीसुरली औषधंही पचवली होती. मला असा संताप आला की तिला गदागदा हलवावं. पण हलवायला अंगात राहिलं होतं काय?

"मला घरी यायचं होतं गं," एवढंच ती म्हणाली.

शेवटी गणितवाल्यांनीच नियम मोडला. लेकीला काचेच्या दाराबाहेरून दाखवायची परवानगी दिली. ताईने खाटेवरून हात हलवला. पोरगी माझ्या खांद्यात तोंड लपवत म्हणाली, "आई, ती कोण आहे?"

काच जाड होती. तरी ताईचा हात खाली आला.