शाडूचं हायफाँग

सकाळी दार उघडलं की सध्या आमच्या पेणच्या आळीत ओल्या शाडूचा वास भरलेला असतो. शेतातल्या मातीचा वास वेगळा. त्यात ऊब असते. शाडूचा वास थंड, जरासा चुन्याच्या अंगानं जाणारा, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर बाबांच्या सदऱ्याचा. समोरच्या कारखान्यात (आमच्याकडे गणपती घडवायच्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती पडवीएवढी का असेना) यंदा कुणीतरी एका सहल कंपनीचं कॅलेंडर टांगलंय. हिरवीगार भातखाचरं, ओणव्यानं लावणी करणाऱ्या बायका, डोक्यावर टोकदार टोप्या, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'व्हिएतनाम'. काल तिथला रंगारी कौतुकानं म्हणाला, "काकू, बघून या एकदा. आता थेट विमान हाय." मी म्हटलं, "अरे, तो देश आम्ही रोह्याला बनवला होता." तो हसला. म्हातारीचं काहीतरी, असं त्याला वाटलं असणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

तुम्ही माझ्या वयाचे असाल तर ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. रेडिओ लावला की त्या देशाचं नाव, पेपर उघडला की त्या देशाचं नाव. फ्रेंचांनी त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या राबवलं. मध्येच जपानी येऊन बसले. ते गेले तसे फ्रेंच पुन्हा हजर. त्यांना लढून घालवलं तर देशाचे दोन तुकडे झाले आणि अमेरिकेची विमानं डोक्यावर घोंघावू लागली. आपल्यालाही स्वातंत्र्य मिळून फार काळ झालेला नव्हता, त्यामुळे असेल, पण त्या लांबच्या देशाविषयी आमच्या गावागावांत एक आपलेपणा होता. रोह्याच्या एका मंडळातल्या पोरांनी ठरवलं, यंदा गणपतीपुढचा देखावा व्हिएतनामचा. काम आलं बाबांकडे. बाबांनी जन्मात गणपती आणि गौरी सोडून काही घडवलं नव्हतं, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होते. निवेदन वाचायला आवाज बरा म्हणून त्यांनी मलाही ट्रकमध्ये बसवलं, शाडूच्या गोणींवर.

समोर होते पेपरातले दोन-तीन फोटो, तेही शाई पसरलेले. त्यांतल्या बायकांच्या डोक्यावर काय आहे ते कुणालाच धड कळेना. बाबांनी पाहिलं आणि निकाल दिला, "इरलीच ती." लावणीच्या पावसात आमच्या बायका डोक्यापाठीवर पानांचं जे छप्पर घेतात, ते इरलं. झालं, सगळ्या व्हिएतनामनं आमची इरली पांघरली. आणि डोळे! पेणच्या हातची आखणी म्हणजे डोळे लांब, शांत, जरासे ओलसर. बाबांनी शेतकऱ्यांना तेच डोळे दिले, बंदूक घेतलेल्या पोरींना तेच, आणि चाबूक उगारलेल्या फ्रेंच साहेबालाही तेच. साहेब इतक्या मायेनं बघू लागला की मंडळाच्या पोरांनी कपाळाला हात लावला. "अवो, हा दुष्ट हाय," ती सांगत. बाबा म्हणत, "असू दे. पन डोले वाईट काढायला माजा हात चालत नाय." देखावा बघायला आलेल्या शेतकरणी मात्र त्या इरल्यांकडे बघून आपसात बोलायच्या, "आपल्यासारखीच हायत गो बिचारी." ही चूक आजही मला दुरुस्त करावीशी वाटत नाही.

मी निवेदनात वाचत असे, की फ्रेंचांनी मीठसुद्धा आपल्या मुठीत ठेवलं होतं. समुद्रकाठच्या माणसाला स्वतःच पिकवलेलं मीठ सरकारकडून विकत घ्यावं लागे. खाडीकडून आलेली मिठागरांवरची मंडळी तेवढ्या वाक्याला "व्हय, व्हय" करत माना डोलवायची. बाकी वेळ सगळ्यांचं लक्ष विमानाकडे. विमान हा त्या देखाव्याचा जीव होता. तारेवरून कप्पीनं ते सरसरत यायचं, पडद्यामागं कुणीतरी पत्रा बडवायचं, लाल दिवा लागायचा आणि दोरी ओढली की झोपड्या आडव्या व्हायच्या. टाळ्या पडायच्या. झोपड्या उभ्या करेपर्यंत पुढची गर्दी आत.

पहिल्याच संध्याकाळी गर्दी जराशी पांगल्यावर एक बाई दोरीशी येऊन उभ्या राहिल्या. मंडपामागच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या. सगळं गाव त्यांना चाची म्हणायचं. आम्हाला उतरायला दिलेली खोली त्यांच्या घराला लागून होती, त्यामुळे पाण्याची कळशी आणि चहा त्यांच्याकडूनच यायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशी कंपनीच्या मालवाहू जहाजावर खलाशी होता, आणि ते जहाज उन्हाळ्यापासून व्हिएतनामातल्या हायफाँग बंदरात अडकलं होतं. अमेरिकेनं बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरले होते. आतली जहाजं आतच राहिली. तेव्हापासून पत्र नाही, तार नाही. चाचींनी सगळा देखावा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिला. मग बाबांना विचारलं, "भाऊ, यात बंदर कुठं हाय?"

"बंदर नाय केलं, चाची."

"मंग माजा पोर कुठं हाय यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला शाडू भिजवून बाबा एका फळीवर बंदर करायला बसले. धक्का केला, गोदामं केली, निळ्या रंगाचं पाणी केलं आणि त्यात वीतभर लांबीचं एक जहाज. हायफाँग त्यांनी कुठं पाहिलं होतं! त्यांनी केलं ते रेवदंड्याचं बंदर, जरा मोठं करून. जहाजावर ठेवायला बोटाएवढा खलाशी करायला घेतला, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या चाची गडबडीनं म्हणाल्या, "पुतला नको हां भाऊ. आमच्यात चालत नाय. नुस्ता दिवा ठेवा." म्हणून जहाजाच्या खोलीत बॅटरीचा बारका दिवा बसवला. त्यानंतर चाची रोज संध्याकाळी यायच्या, माझं निवेदन, विमान, टाळ्या, यांतल्या कशाकडेही न बघता त्या दिव्याकडे बघत राहायच्या आणि निघून जायच्या. मला त्यांच्याकडे बघून वाचायला जमेना. मी कागदात मान घालून वाचायची.

मंडळाच्या पोरांना मात्र त्या बंदरातून वेगळंच काही सुचलं. विमान बंदरावरून न्यायचं, पाण्यात धमाका करायचा, जहाज तिरकं करायचं. गर्दी दुप्पट होईल. बाबा म्हणाले, "नाय." त्यांनी कुणाला असं तोंडावर नाही म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं. "त्या जहाजात मानूस हाय."

"शाडूचं हाय ओ ते," एक जण हसून म्हणाला.

"आनि गनपती कसला हाय मंग?" बाबांनी विचारलं. विमान आपलं झोपड्यांवरूनच येत राहिलं.

अनंत चतुर्दशीला खरा पेच आला. शाडूचं जे असेल ते पाण्यात सोडायचं, ही आमची रीत. माती घरात ठेवायची नाही, जिथून आली तिथं पोचवायची. इरलीवाले शेतकरी, मायाळू साहेब, झोपड्या, सगळं हातगाडीवर चढलं. फळीवरचं बंदरही चढलं. ताशे वाजू लागले. चाची आपल्या दारात चौकट धरून उभ्या होत्या. देवाच्या कामात आपण कसं बोलायचं, असं त्यांच्या मनात आलं असेल. पण ते जहाज कुंडलिका नदीत बुडणार होतं आणि त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. बाबांनी ते पाहिलं. गुलाल उधळणाऱ्या गर्दीतून उलटे फिरून त्यांनी हातगाडीवरची फळी उचलली, ती दोन्ही हातांवर तोलत चाचींच्या ओट्यावर आणून ठेवली आणि म्हणाले, "देव बुडला तरी परत येतो, चाची. हे बुडवून नाय चालायचं." चाची फळीशेजारी बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले, ताशांच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षी तिकडे लढाईला उतार पडला, सुरुंग काढले गेले आणि मुलगा घरी आला. वाळलेला, काळवंडलेला, पण धडधाकट. निरोप येताच आम्ही पेणचे पापड घेऊन रोह्याला भेटायला गेलो. तो सांगत होता. बंदरावर ओझी वाहणारी एक बाई होती. विमानहल्ल्याचा भोंगा झाला की ती याचा हात धरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात ढकलायची, आणि आपल्या वाटणीतला अर्धा भात याला द्यायची. का, ते याला कळेना. मग गोदीतल्या एका दुभाष्यानं सांगितलं, तिचा पोर दक्षिणेकडे लढायला गेलाय, दोन वर्षं त्याची काही खबर नाही. चाची हे सगळं त्याच्यावर डोळे लावून ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग? आला तिचा पोर?"

"काय म्हाईत, अम्मी. मी निघालो तवा तरी नव्हता आला."

निघताना बाबा सहज म्हणाले, "चाची, आता ते बंदर नेतो मी. नदीत सोडतो." फळी कपाटावर होती, जहाजात दिवा होता. चाचींनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे, भाऊ. तिचा यायचा हाय अजून."

पुढं लढाई संपली, दोन तुकड्यांचा तो देश एक झाला, रोह्याच्या पोरांनी पेढे वाटले. फ्रेंच, जपानी, अमेरिकन, सगळ्यांना पुरून उरलेल्या त्या स्वातंत्र्याविषयी पुढं मी पुष्कळ वाचलं. बाबा गेले, चाची गेल्या, शाडूही दमट हवेत झडत झडत गेला. त्यांचा मुलगा आता माझ्याहूनही म्हातारा दिसतो; जन्मभर जहाजांवर काढून रोह्यात ओट्यावर बसलेला असतो. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा मी विचारलं, "परत कधी तिकडं गेलात का?"

"दोनदा जहाज लागलं हायफाँगला," तो म्हणाला. "सगले उतरले. मी नाय उतरलो."

"का बरं?"

"तिचं घर गोदीच्या मागंच. दार त्या पोरानं उघडलं असतं तर बरंच होतं. पन नसतं उघडलं तर, घरी येऊन अम्मीला मी काय सांगितलं असतं?"

एका देशानं स्वातंत्र्य मिळवलं की नाही हे पुस्तकात सापडतं. त्यासाठी गेलेला एक मुलगा घरी आला की नाही, हे कुठंच सापडत नाही. तेव्हाचा तरुण असला तर आज तोही सत्तरी ओलांडून नातवंडांत बसला असेल. मी उठले.

"आला असेल हो," मी म्हटलं.

"आला असंल," तोही म्हणाला.