भट्टीवालीचं भाषण

ज्या बाईने उभी हयात विंगेत बसून दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घातली, तिला पहिली भूमिका मिळाली ती सत्तरीत. आणि तीही अशी, की तिचं तोंड कोणाला दिसणारच नव्हतं. या गोष्टीवर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या स्वतः कुजबुज मावशी.

कुजबुज हे नाव नाटक कंपनीतलं. मावशी तिथे प्रॉम्प्टर होत्या. पडद्याआड एका स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, बाजूला कागद गुंडाळून मंद केलेला दिवा. नट अडखळला की पुढचे दोन शब्द त्याच्या कानात सोडायचे. दोनच. तीन सोडले तर नट बुजतो, एक सोडला तर बुडतो. आणि सोडायचे ते अगदी कोरडे, वाण्याला सामान सांगावं तसे. प्रॉम्प्टरने आवाजात भाव घातला की घाबरलेला नट तोच भाव उचलतो, आणि मग खुनाच्या प्रवेशात लाडीगोडी सुरू होते. मावशींचं हे काम इतकं चोख, की त्यांना मोठा आवाज मुळात आहे की नाही, याबद्दल कंपनीत पैजा लागायच्या.

आवाज होता. एकदा ऐन दुसऱ्या अंकात नायिकेचा घसा बसला, शब्द फुटेना. मावशी संहिता घेऊन सेटवरच्या खोट्या खिडकीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि उरलेलं नाटक त्यांनी बोलून काढलं. नायिकेने नुसते ओठ हलवले. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. टाळ्या नायिकेने घेतल्या, मावशींनी चहा घेतला. पुढे स्वतःच्या सत्कारात नायिकेने तो प्रयोग रंगवून सांगितला, घसा बसला असताना आपण कसा अंक तारून नेला वगैरे. मावशी मागच्या रांगेत पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"अगं, तू बोलत का नाहीस काही?" लेक चिडली.

"काय बोलू? नाटक चालू राहायला हवं होतं, राहिलं. आता त्याची मिरवणूक काढू?"

कंपनी बंद पडली तेव्हा एका जुन्या ओळखीने त्यांना डबिंगच्या स्टुडिओत नेलं. परदेशी मालिकांना आपल्या भाषेतला आवाज द्यायचा. मावशींच्या वाट्याला गर्दी आली. बाजारात घासाघीस करणारी बाई, "वाचवा" म्हणणारी बाई, खिडकीतून शिव्या देणारी बाई. काम छान जमलं, पण एक खोड काही जाईना. पडद्यावरच्या पात्राचं तोंड उघडायच्या आधीच मावशींचं वाक्य येऊन पडायचं. जन्मभराची सवय ती.

"मावशी," दिग्दर्शक काचेपलीकडून हात जोडायचा, "तिला आधी तोंड तरी उघडू द्या!"

याच दिग्दर्शकाने एके दिवशी त्यांना नावाची भूमिका दिली. एका गाजलेल्या जपानी चित्रपुस्तकावरून अ‍ॅनिमे म्हणजे हलत्या चित्रांची मालिका आली होती. तिच्यातली म्हातारी भट्टीवाली. मालिकेच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर मावशींचंही नाव येणार होतं.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा जावई जेवायला बसला होता. जावई लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. चाळिशी उलटलेली, केस मागे सरकलेले आणि जेवताना ताटाशेजारी चित्रांचं पुस्तक उघडं. "मला दोन पोरं आहेत," लेक म्हणायची, "एक शाळेत जातं, एक लिफ्ट दुरुस्त करतं."

"आई! भट्टीवाली? तुम्ही?" जावयाचा घास हातातच राहिला. "ती कोण आहे माहितीये का तुम्हाला?"

"पाव भाजते म्हणाले."

"हं. पाव भाजते!" तो उठला, हात धुऊन आला आणि कपाटातून सातवा खंड काढून त्याने मावशींच्या पुढ्यात ठेवला. "वाचा. मग बोलू आपण."

गोष्ट फार अवघड नव्हती. धुराचे राक्षस एका शहरावर चालून येतात. एक तरणाबांड तलवारवाला त्यांच्याशी लढतो, हरतो, पुन्हा लढतो. सातव्या खंडात सगळं शहर डोंगराखालच्या बोगद्यात शिरतं. बोगदा पूर्वी धान्याचं कोठार, त्यामुळे लोखंडी दाराची कडी बाहेरून. तलवारवाला बेशुद्ध. राक्षस उंबऱ्याशी आलेले. आणि मग चार चित्रं. पहिल्यात दार. दुसऱ्यात पिठाने माखलेला एक हात. तिसऱ्यात लागलेली कडी. चौथ्यात आतला अंधार. शब्द एकही नाही. पान उलटलं की आत लोक पाव वाटून खातायत, आणि एक म्हातारा कुरकुरतोय की आज पाव जरा करपलाय. भट्टीवाली कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. पुढचे दोन खंड विचारत नाही.

मावशी त्या पानावर बराच वेळ बोट ठेवून बसल्या.

"याला म्हणतात रंगमंच सोडणं," त्या शेवटी म्हणाल्या. "नाहीतर आमचे नट. मरायला सांगितलं की आधी पुढे येऊन उजेड शोधायचे."

"मला तर पहिल्यांदा कळलंच नव्हतं," जावई म्हणाला. "तिसऱ्यांदा वाचताना एकदम लक्षात आलं, अरे, ही आत नाहीचे! जेवण टाकून उठलो होतो मी."

"हो, आणि ताट मी उचललं होतं," लेक आतून म्हणाली. "त्यावर नाही कोणी पुस्तक काढलं."

स्टुडिओत संहिता हातात आली तेव्हा मावशींना आधी वाटलं, पानांची अदलाबदल झाली असावी. पुस्तकातल्या भट्टीवालीला नाव नव्हतं. इथे तिला नाव, आडनाव आणि लढाईत गेलेला एक मुलगा, असं सगळं बहाल केलं होतं. ती दाराबाहेर जाते, वळते, आणि कडी लावायच्या आधी बोलू लागते. बोलतच राहते. राक्षस बिचारे तोवर ताटकळत उभे. "मी नुसती पाव भाजणारी नाही, लेकरांनो! मी या शहराची धगधगती आग आहे! माझ्या राखेतून उद्याची पहाट उगवेल!" आत माणसं दारावर डोकी आपटून तिच्या नावाने टाहो फोडतायत. बेशुद्ध तलवारवाला तेवढ्यापुरता शुद्धीवर येऊन एक थेंब अश्रू गाळतोय, त्या थेंबात सूर्य. मागे व्हायोलिनं. आणि करपलेल्या पावाचं काय? तर सगळे तो पाव उंच धरून शपथ घेतात.

तोंडात केस आल्यासारखा मावशींचा चेहरा झाला.

"शी! अरे, हे काय केलंय? चांगल्या भाकरीवर कोणी पाक ओततं का?"

"मावशी, चित्रं तिकडूनच अशी आलीत," दिग्दर्शक म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने पुस्तक वाचलेलं होतं आणि ते त्याला आवडलंही होतं.

"मग मी गप्प राहते. तू नुसता कडीचा आवाज ठेव."

"तोंड हलतंय तिचं! दोन मिनिटं हलतंय. तुम्ही गप्प बसलात तर लोक टीव्हीला थपडा मारतील."

"पुस्तकात..."

"पुस्तकात माणूस पानावर थांबू शकतो. इथे चित्र पळतं. जे दिसलंच नाही, त्यावर कोण रडणार?"

"पण रडवायचं कोणाला होतं?" मावशींचा स्वर चढला. "ती दार लावत होती रे! कोणीतरी लावायला हवं होतं आणि ही दाराजवळ होती. भाषण करायला उभी राहिली असती, तर आतले सगळे मेले असते."

साउंडवाल्याला हसू आवरेना. दिग्दर्शकानेही मान डोलवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

मावशी कानाला हेडफोन लावून उभ्या राहिल्या. पहिल्या वेळी त्यांनी सगळं भाषण प्रॉम्प्टरसारखं कोरडं म्हणून टाकलं. "धगधगती आग" असं म्हणाल्या की जणू यादीतली हळद. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी दिग्दर्शक आत आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, जमत नसेल तर मोकळेपणी सांगा. मी दुसऱ्या कोणाला बोलावतो. राग नाही."

आता खरी गंमत इथेच आहे. मावशींनी हे कोणालाच कधी सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही, पण विंगेतल्या त्या स्टुलावर बसून त्यांनी प्रत्येक नायिकेचं प्रत्येक मोठं भाषण मनातल्या मनात म्हटलेलं होतं. उसासे, हुंदके, थांबे, सगळं. ते सगळं तिथे तुंबून राहिलं होतं. ही भूमिका हातची गेली तर दुसरी येणार नव्हती. त्या पाणी प्याल्या. "लाव," म्हणाल्या.

आणि त्या बोलल्या. आवाज असा सुटला की साउंडवाल्याने दचकून बटण खाली ओढलं. "लेकरांनो" म्हणताना गळा बरोबर तिथे भरून आला जिथे भरून यायला हवा. "राखेतून" या शब्दावर त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि "पहाट" असा उच्चारला की खोलीत उजाडल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्यांचं एकही वाक्य ओठांच्या आधी पडलं नाही. संपलं तेव्हा काचेपलीकडे दिग्दर्शक डोळे पुसत होता. बाहेर थांबलेली माणसं आत येऊन टाळ्या वाजवत होती. आणि मावशींनी काचेसमोर वाकून, दोन्ही बाजूंना वळून, अभिवादन केलं.

ते केल्यावर त्या तडक बाथरूममध्ये गेल्या आणि तोंडावर पाणी मारत राहिल्या. टाळ्यांनी अंगावर काटा आला होता, तो अजून उतरत नव्हता. किळस आली ती त्याची. भाषण गचाळ होतं हे त्यांना पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं, आणि तरी ते म्हणताना त्यांना मजा आली होती. मरायला मजा आली होती! त्या बाईच्या हातावरचं पीठसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं त्यांनी.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "बाळा, तो पहिला कोरडा ठेव ना."

"मावशी, वेड लागलंय का? हे सोनं आहे!"

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा जावई अगदी पुढे सरकून बसला. भाषणाच्या मध्यावर त्याने बाहीने डोळे पुसले. संपल्यावर टीव्ही बंद केला आणि गुरकावला, "रडवलंत मला. आणि आता मला माझाच राग येतोय."

"काय चुकलं ते बोला, जावईबापू. माझ्या तोंडावर बोला."

जावयाने डोकं खाजवलं. "ती वाट बघत होती, आई. कोणीतरी हाक मारेल म्हणून. पुस्तकातली कोणाची वाट बघत नाही."

मावशी उठून मोरीत गेल्या. भांडी घासायला घेतली, आणि ती गरजेपेक्षा जास्त घासली.

"उद्या सांगते त्यांना," त्या मोरीतून म्हणाल्या, "माझं नाव काढा पाटीवरून. नको मला ते."

"म्हणजे आणखी एक भाषण!" जावई म्हणाला.

लेकीने जीभ चावली. मावशींच्या हातातलं पातेलं थांबलं. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "जीभ फार चालते हो तुमची! लिफ्टसारखी अडकत कशी नाही कधी?"

नाव पाटीवर राहिलं. लोक ओळखू लागले. दुकानात कोणीतरी "धगधगती आग" असं म्हणून दाखवायचं आणि मावशी पिशवी उचलून वाट धरायच्या.

मग एका दुपारी दिग्दर्शकाचा फोन आला. आवाजात लाडू फुटत होते. "मावशी, खुशखबर! भट्टीवाली लोकांना इतकी आवडली की नव्या सीझनमध्ये ती परत येतेय!"

"पण मेलीये ना ती?"

"मेली होती."

"होती?"

"राखेतून उठते. तुमच्याच वाक्यावरून जोडलंय तिकडच्या लोकांनी. आणि उठते ती तरुण होऊन, हातात आगीची तलवार! पूर्ण सीझन, मावशी. मुख्य भूमिका."

मावशी फोन कानाला लावून खुर्चीवर बसल्या. समोर जावयाच्या पुस्तकांचं कपाट होतं. 

"मी नाही येणार," त्या म्हणाल्या.

"अहो, का? त्या भाषणाचा राग अजून आहे का?"

"त्याचा राग तुझ्यावर नाही. ते मी हौसेने केलं, ते माझ्या पदरात. पण ऐक. त्या बाईने एकच गोष्ट दिली होती. ती परत घेतली, तर ते देणं कसलं? उसनं झालं ते. माझ्या तोंडून नको."

"दुसरी कोणीतरी करेलच, मावशी."

"करू दे की. मला गर्दीला बोलाव."

 "बोलावतो," तो म्हणाला. आणि त्याने शब्द पाळला.

मावशी पुन्हा गर्दीत उभ्या राहू लागल्या तेव्हा एक मुलगी स्टुडिओच्या बोळात त्यांच्यापाशी आली. हातात संहितेचा जाड गठ्ठा, चेहरा उतरलेला. नवी भट्टीवाली.

"मावशी, मला तुमचाच आवाज धरायला सांगितलाय. माझं पहिलंच मोठं काम आहे. काय लक्षात ठेवू?"

मावशींच्या जिभेवर खूप काही आलं. पीठ, कडी, ती आगीची तलवार, तिकडच्या शहाण्यांची अक्कल. सगळं ओठांपर्यंत येऊन थांबलं. मुलगी पेन्सिल घेऊन लिहून घ्यायला सज्ज उभी होती.

"घसा सांभाळ," त्या म्हणाल्या. "फार ओरडायला लावतात मेले." आणि स्वतःचा गरम पाण्याचा थर्मास त्यांनी तिच्या हातात दिला.

आतून साउंडवाल्याने गर्दीला हाक मारली. मावशी चपला काढून मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आज पुरातून पळायचं होतं.