भिंतीवर टांगलेली रोटी

गुलांदोमला जावेचा हेवा वाटतो हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, कारण सायोहतच्या रोटीवर तीळ कमी पडायचे. बाकी गिऱ्हाइकांना मूठभर, सायोहतला चिमूटभर. मी एकदा हटकलं तर म्हणाली, "अपा, तिला तिळाची काय गरज? लाल रशियन पासपोर्ट आहे ना तिच्याकडे. तोच चाटू दे."

रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या या बाजारात मी टेबल टाकून आमच्या ताजिक लोकांचे अर्ज भरते; सगळे मला अपा, म्हणजे ताई, म्हणतात. कायदा शाळेत नाही शिकले, रांगेत उभी राहून शिकले. मला गंडवणारा कारकून अजून जन्माला यायचाय.

माझ्या टेबलामागेच गुलांदोमचा तंदूर. बाई ताजिकिस्तानातल्या कुलोबची, इथं येऊन बारा वर्षं झाली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून तांबूस पडलेले. रोटीला कुणी नावं ठेवली तर त्याला सरळ दुसरा बाजार दाखवायची. नवरा नाझरी रस्त्याच्या डांबराच्या कामावर, थोरला दीर फैझालीही तिथंच. एकाच बराकीत, एकाच बोळात, समोरासमोर दोघांच्या खोल्या. सगळं सारखं होतं. मग फैझालीनं फौजेच्या करारावर सही केली, युद्धावर गेला, आणि त्या बदल्यात हिवाळा लागायच्या आत त्याची बायको सायोहत आणि तिची दोन्ही मुलं या देशाची नागरिक झाली.

इकडे गुलांदोमच्या मुनिराला शाळेनं दोनदा परत धाडलं. एकदा कागद अपुरे म्हणून, एकदा रशियन नीट येत नाही म्हणून. आता शाळेतच घेतलं नाही तर येणार कुठून? नऊ वर्षांची पोर खिडकीत बसून चुलत भावंडांची दप्तरं जाताना बघायची.

पोलीस बाजारात शिरले की आम्ही कागदांसाठी खिसे चाचपतो. सायोहत मात्र कुणी मागायच्या आत पासपोर्ट पुढं धरायची. त्या दिवशी गुलांदोमची एक तरी रोटी करपायची.

नवऱ्याला ती थेट काही बोलली नाही. नुसतं विचारायची, "मुनिराचे बाबा, भावजींच्या मुलांचा गणवेश बघितलात?"

"बघितला."

"भावजींनी करून दाखवलं."

नाझरी चहा पीत राही.

"तुम्ही डांबर छान टाकता म्हणतात सगळे," असं म्हणत ती भांडी आपटायची.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी नाझरी माझ्या टेबलाशी आला आणि फौजेचा तसाच करार पुढं ठेवला. "अपा, सोमवारी बोलावलंय. सही कुठं करायची तेवढं दाखवा."

"वाचलास?"

"एक वर्ष लिहिलंय."

"लिहिलंय. वर्ष संपलं हे कोण ठरवणार, ते वाच. तू नाही ठरवणार."

"मुनिराला शाळा मिळेल."

"बायकोनं सांगितलं?"

"सांगितलं नाही," तो म्हणाला. "रोज सांगते."

मी उठून तंदुराशी गेले आणि गुलांदोमला झाडलं. ती कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "मी जा म्हटलेलं नाही."

"मग जाऊ नका म्हण."

"आणि मुनिराचं? तुम्ही काय केलंत, अपा? दोन अर्ज, दोन नकार."

मी टेबलाशी परत आले.

आमच्यात दूर निघालेला माणूस रोटीचा एक घास दातानं तोडतो. उरलेली रोटी घरचे भिंतीवर टांगतात. ती परत येऊन त्यानंच संपवायची. सायोहतच्या खोलीत फैझालीची तशीच टांगलेली होती. रविवारी गुलांदोमनं नाझरीसाठी शेवटच्या घाण्यात एक रोटी लावली, तिळानं नुसती मढवलेली. बाकी सगळ्या विकल्या आणि ती बाजूला फडक्यात ठेवली.

तेवढ्यात सायोहत आली. हातातली पिशवी तिनं ओट्यावर उघडली. आत फैझालीच्या रोटीचे बुरसटलेले तुकडे होते.

"कपडे उकळत होते, वाफ लागली. उचलायला गेले तर फुटली," ती म्हणाली. "सासूबाई दर रविवारी फोनवर रोटी दाखव म्हणतात. एक दे. आणि घास नाझरी भावजींना घ्यायला सांग. दोघा भावांच्या दातांतली फट सारखी आहे. त्या फट ओळखतात."

"फैझाली भावजींना कळवलंत?"

"ऑक्टोबरपासून फोन नाही त्यांचा."

"मग तुमच्या खोलीतून हसणं ऐकू येतं, ते कुणाशी?"

"सासूबाईंशी. हसू ऐकल्याशिवाय त्या फोन ठेवत नाहीत." मग आवाज चढला तिचा. "तू माझ्या पासपोर्टावर डोळा ठेवतेस ना? मी तुझ्या उंबऱ्यातल्या बुटांवर ठेवते. रोज सहाला येऊन पडतात, डांबर माखलेले. एकदा वाटलं, लाथ मारून बोळाबाहेर घालवावेत."

नाझरी पिठाचं पोतं टाकायला आला तेव्हा गुलांदोमनं फडकं सोडलं आणि रोटी त्याच्यापुढं धरली. काय ते सांगितलं. त्यानं घास तोडला. कडेला दातांची ओळ उमटली, मधे फटीची बारीक रेघ. गुलांदोम त्या रेघेकडे बघत राहिली. सायोहत रोटी छातीशी धरून निघून गेली.

सोमवारी सकाळी नाझरी करार खिशात घालून तंदुराशी थांबला. "माझी रोटी?"

"तुमचा घास काल झाला."

"तो दादाचा होता."

"दात कुणाचे होते? एका माणसाच्या दोन रोट्या टांगलेल्या ऐकल्यात कधी? ती भिंतीवरून उतरू दे, मग दुसरी लावीन."

"आणि मुनिराची शाळा?"

"ते अपा बघतील," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी हात पुढं केला. नाझरीनं खिशातून करार काढून दिला. त्या कागदाच्याच पाठीवर मी मुनिराच्या शाळेसाठी तिसऱ्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला.

सायोहतच्या रोटीवर हल्ली तीळ पुरते पडतात. हेवा गेला म्हणाल तर नाही. पोलीस आले की अजून एखादी करपते. मात्र संध्याकाळी सायोहत बोळात शिरायच्या आधी गुलांदोम नवऱ्याचे बूट उंबऱ्यातून उचलून आत घेते. जावेला टोचू नये म्हणून, की नजर लागू नये म्हणून, ते मी विचारलेलं नाही.