मोठ्या टायरांची गाडी आणि आष्टीची तूर

आमचा धंदा फिरत्या डाळमिलचा आहे. दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं यंत्र, त्याच ट्रॉलीवर डिझेल इंजिन आणि हे सगळं ओढायला एक जुनी पिकअप. तूर घरात आली की आम्ही नवराबायको तीर्थपुरीहून निघतो आणि उन्हाळा संपेपर्यंत घनसावंगी-परतूरकडची गावं करतो. गावात शाळेजवळ नाहीतर मंदिरापुढं जागा बघायची, यंत्र लावायचं, ज्याच्या त्याच्या तुरीची डाळ करून द्यायची, चुनी-टरफल ज्याचं त्याला परत. नवरा गाडी चालवतो, यंत्र मी चालवते. लग्नानंतर पंधरा वर्षं पिठाची गिरणी सांभाळली आहे. पट्टे, पुल्या, बेअरिंग यांना मी घाबरत नाही.

या धंद्यात दिलेला दिवस पाळावाच लागतो. तूर पोत्यातून काढून तशीच यंत्रात टाकता येत नाही. आधी तिला तेल चोळून तीन-चार दिवस उन्हात टाकतात. मग आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडायचं, ढीग करायचा, गोणपाटानं झाकायचा. सकाळी ती यंत्रात गेली तर डाळ सोन्यासारखी निघते. ढीग आणखी एक दिवस राहिला तर आतून तापतो, तुरीला वास लागतो, आणि वर्षाची डाळ गेली म्हणून समजायचं. म्हणजे गावातल्या बायका माझ्या शब्दावर पाणी मारतात.

आता गाडीचं. आमच्याकडच्या पाणंद रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चर पडतात आणि मधे वरंबा उरतो. पिकअप बुटकी, तिचं पोट त्या वरंब्याला घासतं. एकदा अवकाळी पावसानंतर काळ्या मातीत गाडी अशी बसली की मागची चाकं नुसती हवेत फिरल्यासारखी. तेव्हाच नवऱ्यानं ठरवलं, गाडी उंच करायची. जालन्याला जाऊन त्यानं दोन नंबर मोठे टायर टाकून आणले, जुने तिथंच बदल्यात देऊन आला, शिवाय मागच्या स्प्रिंगच्या कमानीला एक पाटा वाढवला. गाडी दिसायला रुबाबदार झाली. तो दाराशी उभा राहून दोन दिवस तिच्याकडेच बघत होता.

पोट घासायचं थांबलं, ते खरं. पण गाडी मठ्ठ झाली. पाचवा गिअर पडला की धापा टाकायची. चौथ्यातही मन लागायचं नाही. ट्रॉली मागं लावली की साध्या उंचवट्यावर दुसरा गिअर. तीर्थपुरीतल्या गॅरेजवाल्यानं ऐकून घेतलं आणि पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवून दिलं.

"आता पॉवर बघा वहिनी," तो म्हणाला. "गाडी उडून राह्यली पाहिजे."

गाडी उडाली नाही, धूर मात्र उडाला. मागून येणारे मोटारसायकलवाले तोंडाला रुमाल बांधू लागले आणि पाण्याचा काटा चढून तांबड्याला टेकू लागला. तरी नवरा म्हणायचा, फरक आहे, फरक आहे.

फरक त्या मंगळवारी दिसला. शुक्रवारी आष्टीला जायचं होतं. त्याआधीचं एक लहान गाव उरकून आम्ही परत येत होतो. वाटेत कालव्याचा पूल आहे, त्याला दोन्हीकडून उभा चढ. अर्ध्या चढावर इंजिन घरघरलं, क्लच सुटायला लागला, जळका वास आला आणि गाडी थांबली. नुसती थांबली नाही, ट्रॉलीच्या वजनानं मागं सरकायला लागली. मी उडी मारून चाकाला दगड लावला. दोन दगड चिरडले, तिसरा टिकला. शेवटी उसाचा ट्रॅक्टर आला, त्यानं साखळी लावून आम्हाला वर ओढलं. चालवणारा म्हातारा मिश्कील होता.

"दाळमिल ट्रॅक्टरनंच आणायची तर मंग पिकअप कशाला ठेवली?" तो म्हणाला. "बांधा दारात, दूध देती का बघा."

आष्टीच्या रस्त्यावर असे दोन चढ आहेत, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी येऊन मी आष्टीला फोन लावला. तिथलं सगळं एक बाई बघते, साठीची, मोठ्या आवाजाची. चाळीस घरांची तूर तिच्या शब्दावर चालते. मी म्हटलं, दोन-चार दिवस पुढं ढकलता येईल का.

"आता कशी ढकलतीस?" ती म्हणाली. "तेल लावून झालं. समद्या गावाची तूर गच्च्यांवर हाय. जास्त वाळली का कणी होती, तुला म्या सांगावं का?"

"गाडीचं काम निघालंय, मावशी."

"मागच्या साली एका मशीनवाल्यानं असंच केलं. पाणी मारा म्हणला आन् आलाच न्हाई. ढीग पेटल्यावानी तापला. ती दाळ म्हशीनं बी हुंगून सोडली. तू येऊन राह्यली का न्हाई, तेवढं बोल."

"गुरुवारी संध्याकाळी पाचला फोन करते. मी सांगेपर्यंत पाणी मारू नका."

"पाचला," ती म्हणाली. "सहाला उचलणार न्हाई मी."

फोन ठेवला आणि यंत्राला तेल द्यायला बसले. डोकं गाडीतच होतं. इंजिनाची पुली पुसताना हात थांबला. काही वर्षांपूर्वी, काम लवकर उरकावं म्हणून, मी या इंजिनाला मोठी पुली लावली होती. रिकामं यंत्र असं फिरलं की बघत राहावं. तूर टाकली की इंजिन मान टाकायचं. तेव्हाही एकानं मोठं इंजिन घ्या म्हणून सांगितलं होतं. मी जुनी पुली परत चढवली आणि त्याच इंजिनानं आजपर्यंत काम केलं.

मी बाहेर आले. नवरा गाडीखाली डोकं घालून बसला होता.

"अहो, तुम्ही गाडीला मोठी पुली लावलीत."

"गाडीला कुठं पुली असते?"

"मग चाक काय असतं?"

तो गाडीखालून निघाला, पुलीची गोष्ट त्याला आठवत होती. टायरकडे बघून तो म्हणाला, "म्हणजे टायर काढायचे?"

काढून लावणार काय, जुने टायर तर जालन्यात गेलेले. शिवाय पोट घासणं परत सुरू झालं असतं. मला उंचीही हवी होती आणि ओढही. दोन्ही देणारा माणूस शहागडला आहे, असं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं होतं. हमरस्त्यावर ट्रकचं काम करणारा जुना मिस्त्री. फोन केला तर तो म्हणाला, "मशीन बी संगं आणा. रिकामी गाडी कुणाची बी चढ चढती."

बुधवारी सकाळी ट्रॉली लावून निघालो. रस्ता सपाट, तरी दुसरा-तिसरा गिअर करत, धुराचे लोट सोडत पोचलो. मिस्त्री सत्तरीला आलेला, दाढी पांढरी, चष्मा दोरीनं बांधलेला. बॉनेट उघडेल असं वाटलं होतं. त्यानं बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. खडूनं मागच्या टायरवर एक रेघ मारली, खाली जमिनीवर एक मारली, आणि आम्हा दोघांना गाडी ढकलायला लावली. टायरची रेघ पूर्ण फिरून खाली आली तिथं त्यानं दुसरी रेघ मारली आणि टेप लावला. मग स्टेपनी उतरवून तीच जमिनीवर एक फेरा फिरवली. स्टेपनी जुन्याच मापाची होती, ती बदलायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"वा पाव्हणं," तो नवऱ्याला म्हणाला, "चार पायांत नवे बूट आन् पाचवा पाय अनवाणी. पंक्चर झाली असती तर लंगडत घरी गेल्ते."

मापं अशी निघाली: जुनं चाक एका फेऱ्यात सात फुटांच्या थोडं वर जायचं, नवं आठ फूट. म्हणजे इंजिन तेवढंच फिरणार, पण दर फेऱ्याला गाडी, ट्रॉली आणि आम्हा दोघांना जवळजवळ एक फूट जास्त ओढायचं.

"इंजन बिलकुल ठीक हाय," मिस्त्री म्हणाला. "त्याला कामाला लावलंय बैलाच्या आन् चाल मागून राह्यले घोड्याची."

"पॉवर वाढवायची म्हणून पंप वाढवून घेतला," नवरा म्हणाला.

"दिसलं ना. अर्ध्या शहागडला दिसलं."

मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यात दोन दातेरी चक्रं असतात, एक लहान आणि एक मोठं. त्याला क्राऊन-पिनियन म्हणतात. आमच्या गाडीत लहान चक्राला नऊ दात होते, मोठ्याला एक्केचाळीस. मिस्त्रीकडे त्याच जातीच्या गाडीची दुसरी जोडी होती, आठाला एक्केचाळीस. जड माल वाहणाऱ्या गाड्यांना ती येते. लहान चक्राचा एक दात कमी झाला की इंजिनाला ओढायला सोपं जातं आणि मोठ्या टायरनं जे खाल्लं ते जवळजवळ तेवढंच परत मिळतं. मला हे दोन वाक्यांत कळलं. नवऱ्याला मिस्त्रीनं वीस मिनिटं समजावलं, कारण नवऱ्याला वेग कमी होईल याची चिंता होती.

"आत्ता किती वेगानं जाता?" मी विचारलं.

"तीसनं," तो म्हणाला.

"मग कमी होऊन किती होईल?"

मिस्त्री हसला आणि गोळा उघडायला घेतला.

ते काम घाईचं नाही. दोन चक्रं एकमेकांत बरोबर बसावी लागतात, नाहीतर आठवड्यात दात तुटतात. मिस्त्रीनं तेलात शेंदूर कालवला, मारुतीला लावतात तसा, आणि मोठ्या चक्राच्या दातांवर बोटानं फासला. मग चक्र हातानं फिरवायचं, शेंदूर कुठं पुसला गेला ते बघायचं, परत उघडायचं, पातळ चकती घालायची किंवा काढायची, परत शेंदूर. बुधवार असाच गेला. आम्ही शहागडलाच नात्यात मुक्काम केला. गुरुवारी दुपारी दाताच्या बरोबर मध्यावर शेंदूर पुसला गेला तेव्हा त्यानं मला बोलावून दाखवलं, नवऱ्याला नाही. पंपाचा स्क्रूही त्यानं होता तिथं आणून ठेवला आणि जळलेली क्लचप्लेट बदलली.

दोन वाजून गेले होते. नवरा म्हणाला, निघू या. मिस्त्रीनं किल्ली दिली नाही.

"ब्रेक बघितल्याबिगर सोडत न्हाई मी. चाक मोठं म्हणजी थांबायला बी जास्त ताकद. मागं एवढं धूड घेऊन उतारावर काय करताल?"

ब्रेकचे लायनर झिजलेलेच होते. नवरा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. मीही बघत होते, पण मंगळवारी चिरडलेले दगड मला आठवत होते, म्हणून मी म्हटलं, घाला. लायनर बदलून, ट्रॉलीच्या जोडाला वरून दोन जाड साखळ्या बांधून होईपर्यंत सव्वाचार झाले.

मग ट्रॉली लावून मिस्त्रीसकट गोदावरीच्या काठाला गेलो. तिथं नदीकडून वर येणारा एक कच्चा रस्ता आहे, वाळू आणि चढ दोन्ही. मिस्त्री आणि मी खाली उतरलो; तो नवऱ्याला म्हणाला, अर्ध्यावर मुद्दाम थांबवा. नवऱ्यानं थांबवली. ब्रेकवर गाडी उभी राहिली, तसूभर मागं गेली नाही. मग पहिला गिअर टाकून त्यानं क्लच सोडला. गाडी एकदा अंग सावरल्यासारखी हलली आणि चालायला लागली. धूर नाही, वास नाही. वर जाईपर्यंत त्यानं दुसरा गिअर टाकला होता. वरून खाली बघून तो काहीतरी ओरडला, वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"काय म्हणून राह्यले साहेब?" मिस्त्रीनं विचारलं.

"तीसच्या वर जाते म्हणत असतील," मी म्हटलं.

पाचला पाच कमी होते. मी तिथंच वाळूत उभी राहून आष्टीला फोन लावला आणि म्हटलं, "मावशी, पाणी मारा."

पलीकडून तिनं विचारलं, "पक्कं ना?"

"पक्कं."

"मंग मारते," असं म्हणून तिनं फोन तसाच सुरू ठेवला आणि गच्चीवरून गल्लीत हाक टाकली. एकेका घरातून उत्तरं येताना मला ऐकू येत होती. शब्द दिला होता, अजून चढ बाकी होते.

शुक्रवारी सकाळी दोन्ही चढ तिसऱ्या गिअरमध्ये झाले. दुसऱ्या चढाच्या वर पोचल्यावर मी डबा उघडला. त्या दिवशीची पहिली भाकरी मी तेव्हा खाल्ली.

आठाच्या आत आष्टीत होतो. चावडीपुढं घरोघरचे ढीग गोणपाटाखाली झाकलेले आणि प्रत्येक ढिगाशी एक बाई. मावशीनं पहिला ढीग उघडला.

"हात घाल," ती म्हणाली.

मी कोपरापर्यंत हात घातला. तूर गार होती, आतून जरा ओलसर, जशी हवी तशी. मी पट्टा चढवला आणि इंजिन सुरू केलं. पहिली मूठभर डाळ खाली पडली ती स्वच्छ पिवळी, टरफल सुटलेली, कणी नावाला. मावशीनं दोन दाणे दाताखाली घेतले, चावले आणि मागं वळून रांगेला हातानं पुढं यायची खूण केली.

चाळीस घरं एका दिवसात झाली नाहीत. छत्तीस झाली. उरलेल्या चौघींना मावशीनं पाणीच मारू दिलं नव्हतं. यंत्राचा आवाका तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. त्यांनी शुक्रवारी रात्री मारलं आणि शनिवारी दहाच्या आत त्यांचंही काम झालं.

निघताना ती गाडीच्या खिडकीशी आली. "पुढच्या साली फोनची वाट बघणार न्हाई मी," ती म्हणाली. "तू शुक्रवार म्हणलीस का गुरुवारी पाणी."

"बरं," मी म्हटलं, आणि नवऱ्याला म्हटलं, "चला, परतूरच्या आधी ती स्टेपनी बदलून घेऊ."