आपाच्या लॅपटॉपमधली जुनी आवृत्ती

तुमच्या संगणकातलं काहीतरी ‘जुनं झालं’ म्हणून काढून टाकलं जातं, तेव्हा ते कोण वापरतंय हे कुणी तुम्हाला विचारलं होतं का?

मला विचारलं होतं, कारण काढणाऱ्यांतच मी आहे. पुण्यातले आम्ही काही जण एका मोफत संगणकप्रणालीचं काम करतो. जगभरचे स्वयंसेवक हजारो प्रोग्रॅम गोळा करतात, ते एकमेकांशी जुळतील असे करून घेतात आणि सगळ्याचं मिळून एक वितरण तयार करतात. ते कुणीही फुकट घ्यावं. मला हे काम पटलं ते घरामुळे. अब्बा पुस्तकबांधणी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मंडईपाशी उभे राहून पत्रकं वाटायचे. हमालांच्या मजुरीची, रेशनची, पाण्याची. घड्या मी घालायचे, अक्षरं लावायला शिकले तीही त्याच कागदांवर. ज्याला झळ लागणार त्याच्या हातात कागद आधी पडला पाहिजे, हे अब्बांनी मला शिकवलं. बाकी फारसं काही शिकवलं नाही.

माझी मोठी बहीण, आपा, जन्मापासून पाहू शकत नाही. ती लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवरचा तिचा प्रत्येक पेपर दुसऱ्याच्या हातानं लिहिला गेला. एका लेखनिकानं तर ‘एवढं कशाला लिहायचं’ म्हणून तिचा अर्धा परिच्छेद परस्पर गाळला होता. यंदा कॉलेजशी भांडून तिनं परवानगी मिळवली: स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या बोटांनी, मराठीत. अट अशी की लॅपटॉप चालला नाही तर कॉलेज देईल तो लेखनिक घ्यायचा, नाहीतर पेपर सोडायचा.

तिचा लॅपटॉप पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवतो. इंग्रजी वाचणारा आवाज नवा आहे. मराठी वाचणारा आवाज कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिला, आणि नंतर तो माणूस पत्रांना उत्तरं देईनासा झाला. पुढे त्या भाषेची नवी आवृत्ती आली. तिच्यात जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत नाहीत, म्हणून आमचं वितरण दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतं. प्रत्येकीच्या नावाला तिचा क्रमांक जोडलेला असतो. क्रमांक न लावता नुसतं नाव घेतलं, तर दोघींपैकी कुणी ओ द्यायची हे एका जागी ठरवून ठेवलेलं असतं.

सोमवारी पेपर होता. शनिवारी दुपारी आपानं अपडेट लावून घेतलं, परीक्षेत मध्येच उपटू नये म्हणून. मी जेवत होते.

“मराठी गेली,” आपा म्हणाली.

“गेली म्हणजे?”

“मेनू वाचतोय. इंग्रजी वाचतोय. मी ‘कलम’ लिहिलं तर गप्प.”

मी खरकट्या हातानंच उठले. कारण लगेच सापडलं. अपडेटनंतर नुसत्या नावाला नवी आवृत्ती ओ देऊ लागली होती, आणि मराठी आवाज नुसत्याच नावानं हाक मारत होता. सोपं आहे, मला वाटलं. मी ते नुसतं नाव पुन्हा जुन्या आवृत्तीकडे वळवलं, अख्ख्या यंत्रासाठी, आणि लॅपटॉप बंद करून चालू केला.

आता इंग्रजीही गेली.

आपा एकामागून एक कळा दाबत राहिली. बाहेर गल्लीत तांब्याच्या भांड्यावर हातोडी चालली होती, ती तेवढी ऐकू येत होती. “वीज गेली का?” तिनं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, “नाही, पंखा चालू आहे.”

पडद्यावर सगळं दिसत होतं. फक्त आज्ञा टाइप करायची खिडकी उघडत नव्हती. प्रोग्रॅम बसवणारं अवजारही उठत नव्हतं, कारण ही दोन्ही त्याच भाषेत लिहिलेली होती, पडद्यावरचं वाचणारा प्रोग्रॅमही, आणि अपडेटनंतर तिघांनाही नवीच आवृत्ती हवी होती. लॅचचं दार ओढून घ्यावं आणि किल्ली आत राहावी, तसं झालं. आपाला दिसत नाही, म्हणून मी तोंडावर भीती तशीच राहू दिली. आवाजात मात्र ती येऊ द्यायची नव्हती, म्हणून गप्प बसले.

“तू गप्प बसलीस म्हणजे वाईट आहे,” आपा म्हणाली.

मी दादाला फोन लावला. दादा मूळचा अकोल्याचा, हिंजवडीत नोकरी करतो, आमच्या गटात सगळ्यात जुना, म्हणून सगळ्यांचाच दादा.

“नुसत्या नावाला हात लावलास?”

“हो.”

“आणि वर रीस्टार्ट.”

“हो, दादा.”

“शाब्बास. अब्बांसारखं याचंही एक पत्रक काढ.”

फोन स्पीकरवर होता. आपा शांतपणे म्हणाली, “त्यांना विचार, सोमवारी लेखनिक म्हणून येतात का. अक्षर बरं असेल तर.”

मग दादानं नीट सांगायला सुरुवात केली. चित्रांशिवायचा, नुसता काळा पडदा असतो, त्याला ही भाषा लागत नाही, तिथे जा. मी गेले. पासवर्ड दोनदा चुकला. नुसतं नाव परत नव्या आवृत्तीकडे वळवलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. ते उठेपर्यंत आपाचं बोट त्याच एका कळीवर होतं. इंग्रजी आवाज बोलला तेव्हा तिनं बोट उचललं. मग मी मराठी आवाजाच्या फाइलमध्ये, पहिल्याच ओळीत, जुन्या आवृत्तीचं क्रमांकासकट पूर्ण नाव लिहिलं.

आपानं ‘कलम’ टाइप केलं. “कलम,” लॅपटॉप म्हणाला. तिनं एक अख्खा परिच्छेद लिहून ऐकला आणि मला म्हणाली, “चहा टाक.”

दादा अजून फोनवर होता. “आत्ता चाललं. पण पुढच्या खेपेला जुनी आवृत्ती वितरणात नसेल. काढणार असल्याची नोटीस लावलीय मी गटाच्या यादीवर. कुणाचीच हरकत नाही आली.”

“कशी येईल? ती नोटीस वाचतं कोण?”

“तू वाचलीस ना.”

वाचली होती. मला ती बरोबरही वाटली होती, आणि दादाचं म्हणणं आजही खोटं नाही. जुन्या आवृत्तीतली, चोराला आत शिरू देणारी भोकं बुजवणारं आता कुणी उरलेलं नाही. उद्या कुणाला नवं भोक सापडलं, तर ते आपाच्याच लॅपटॉपमध्ये उघडं असेल, तिच्या नोट्स आणि बँकेच्या कामासकट.

“हरकत घे की,” दादा म्हणाला. “पण नियम माहितीय तुला. जो ठेवा म्हणेल, त्यानं सांभाळायचं.”

सोमवारी मी परीक्षागृहाबाहेर बाकावर बसून राहिले. दार उघडलं की वाटायचं, लेखनिकाला बोलवायला कुणी निघालंय. कुणी निघालं नाही. आपा शेवटी बाहेर आली.

“एका कलमाचा क्रमांक चुकला,” ती म्हणाली. “माझाच चुकला. दुसऱ्या कुणाचा नाही.” आणि ती हसली.

तिचे शेवटच्या सत्राचे पेपर अजून व्हायचे आहेत. ते होतील तेव्हा वितरणाची पुढची खेप आलेली असेल. मी हरकत नोंदवली आहे आणि जुनी आवृत्ती माझ्या नावावर घेतली आहे. मला ते काम पुरतं येत नाही. सुरक्षेचा इशारा म्हणून एखादी मेल आली की उघडण्याआधी मनात येतं: हे भोक मला बुजवता आलं नाही तर आपाच्या यंत्राचं दार मीच उघडं ठेवलं असं होईल, आणि मी हात वर केले तर तिचा आवाज मीच घालवला असं होईल. यातून सुटायची एकच वाट आहे, मराठी आवाज नव्या आवृत्तीत आणणं. ते मोठं काम आहे आणि माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून मागते. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत असेल तर असल्या बेवारस मराठी प्रोग्रॅमची एक फाइल घ्या, एकच, आणि नव्या आवृत्तीत आणा. येत नसेल, तर तुमच्या ओळखीत ऐकून संगणक वापरणारं जे कुणी असेल, त्याच्या शेजारी या आठवड्यात जाऊन बसा. त्याचा मराठी आवाज कशावर चालतो ते जाणकाराला बरोबर नेऊन बघा. ते काढायचं घाटत असेल तर मुदत संपायच्या आत हरकत लिहा, त्यालाच विचारून, त्याच्याच शब्दांत.