दोन गाठी, दोन हात

नाखवा मॅडम गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. दुपारच्या बैठकीत, टेबलाखाली फोन धरून वाचलं. ‘आपल्या माजी सहकारी श्रीमती शैला नाखवा यांचे आज सकाळी वेसावे येथील राहत्या घरी निधन झाले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यातले निम्मे हात असे होते, की मॅडम कॉरिडॉरमध्ये समोरून आल्या की जिन्याकडे वळायचे. मी फोन खिशात ठेवला आणि समोर चाललेलं काहीच पुढे ऐकू आलं नाही. दहा दिवसांनी ऑफिसात शोकसभा झाली. फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिलो, आणि मग आमचे एक मोठे साहेब बोलायला उठले. म्हणाले, “मॅडम फार कडक होत्या. पण शेवटी-शेवटी त्यांनाही पटलं होतं, की या क्षेत्रात आकडेच बोलतात.” मी तिसऱ्या रांगेत होतो. हे धादांत खोटं आहे हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं... आणि मी गप्प बसलो. तेव्हा हा मजकूर कुणाला श्रद्धांजली म्हणून वाचायचा असेल तर वाचावा, मी तो भांडण म्हणून लिहितोय.

आधी आमचं काम सांगतो, कारण मुलुंडला माझ्या सोसायटीत अजूनही लोक मला ‘अणुबॉम्बवाले’ म्हणतात. आम्ही बॉम्ब करत नाही आणि वीजही करत नाही. वीज करणारे वेगळे. ते अणुभट्टी चालवतात, आणि ती तशी चालू द्यायची की नाही हे आम्ही बघतो. अणुभट्टीची एक खोड असते. ती बंद केली तरी तिच्या आतली उष्णता लगेच जात नाही, कितीतरी दिवस तिला थंड करत राहावं लागतं, आणि त्या पंपांना वीज लागते. बाहेरची वीज गेली तर केंद्रातल्या डिझेल जनरेटरांनी ती द्यायची. वर्षानुवर्षं हे जनरेटर काहीच करत नाहीत. महिन्यातून एकदा तासभर चालवून बघतात, परत झाकून ठेवतात. पण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी ते चाललेच पाहिजेत.

मॅडम तपासणी विभागात होत्या, मी जोखमीचं गणित करणाऱ्या विभागात. कुठलं यंत्र किती वेळा बिघडू शकतं, ते बिघडलं तर पुढे काय काय होऊ शकतं, याचा हिशेब मांडायचा आणि जिथे जोखीम जास्त तिथे जास्त लक्ष द्यायचं, असं हे शास्त्र. चांगलं शास्त्र आहे. पूर्वी तपासणी म्हणजे हजार गोष्टींवर सारखेच टिकमार्क करत सुटायचं, त्यात शौचालयाचा नळ आणि भट्टीची झडप एकाच रांगेत. मॅडम या शास्त्राच्या विरोधात होत्या हे ऑफिसातलं दुसरं खोटं. उलट सुरुवातीला माझ्या टेबलाशी येऊन बसणाऱ्या त्या एकट्याच होत्या. “काय रे मिलिंद, यावेळी कुठे बघू सांग,” म्हणायच्या. मी यादी द्यायचो. त्या ती पर्समध्ये घालून केंद्रावर जायच्या आणि यादीतल्या पहिल्या दहा गोष्टींना खरोखरच हात लावून यायच्या. आईनं अंधेरीच्या बाजारात आयुष्यभर मासळी विकली, त्यामुळे कल्ला उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही हे अंगात मुरलेलं. मला मात्र “पोहेवाला” म्हणायच्या. तुला शाकाहाऱ्याला कल्ला काय कळणार, असा त्याचा अर्थ.

मला सांगायची ती गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. एका किनाऱ्यावरच्या केंद्रात तीन जनरेटर होते. त्यातला एक मोठ्या दुरुस्तीसाठी उघडलेला. नियमानं तो ठरावीक दिवसांत परत उभा राहिला नाही तर भट्टी बंद करायची. सुटा भाग वेळेत येत नव्हता, म्हणून केंद्रानं मुदत वाढवून मागितली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दोन जनरेटर शाबूत आहेत, गरज एकाचीच आहे, दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता नगण्य. फाईल माझ्याकडे आली. मी गणित तपासलं. एकाच कारणानं दोन्ही बिघडू शकतात हे आम्ही अर्थातच धरतो, आणि तेही मी धरलं होतं, पुस्तकात दिलेल्या सरासरीनं. उत्तर बारीक आलं. मी ‘हरकत नाही’ असं लिहून खाली सही केली. दुसरी सही मॅडमची हवी होती, आणि त्या बघितल्याशिवाय करत नसत. मलाही सोबत ओढलं. “चल, तुझे दोन जनरेटर तरी बघून ये. कधी भेटलायस त्यांना?” नव्हतो भेटलो. इतकी वर्षं मी त्यांच्या नावानं आकडे लिहीत होतो.

जनरेटरच्या खोलीत त्या जेमतेम दहा मिनिटं होत्या. एकेकाच्या अंगाला तळहात लावला, खाली वाकून टॉर्च मारला, बस्स. मग टेबलाशी बसून देखभालीची रजिस्टरं मागितली, दोन जनरेटरांची दोन, आणि ती शेजारी-शेजारी उघडी ठेवली. आकडे त्या वाचतच नव्हत्या. बराच वेळ नुसतं अक्षर बघत होत्या. “हे बघ,” म्हणाल्या. दोन्ही रजिस्टरांत एकच अक्षर, एकच शाई, एकाच दिवशीची नोंद. सकाळी एक, जेवणानंतर दुसरा. दोन्हींचे डिझेल फिल्टर एकाच माणसानं बदललेले, एकाच खोक्यातून काढून. माणूस चांगला होता, अनुभवी होता, समोरच उभा होता. मॅडम त्याला म्हणाल्या, “दादा, तुमची चूक काढत नाही. पण एक फिल्टर उघडून दाखवा.”

तिथे ठिणगी पडली. केंद्राचे अधिकारी म्हणाले, मॅडम, एक आधीच उघडा आहे, दुसरा उघडला तर एकावर येऊ, तुम्हीच मग आम्हाला भट्टी बंद करायला लावाल. तर्क बिनतोड होता. मी मान डोलावलीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, “मग करा बंद. मी इथेच बसलेय.” आणि खरंच खुर्ची ओढून बसल्या. फोन सुरू झाले. मुंबईहून मला फोन, त्यांना आवरा म्हणून. मी काय आवरणार... संध्याकाळपर्यंत अटी ठरवून एकेक फिल्टर उघडायचं कबूल झालं. पहिल्यातली रबरी रिंग चुकीच्या मापाची निघाली. फरक इतका थोडा, की हाताला कळू नये. तासभराच्या चाचणीत ती टिकते, पण सलग चालवलं की तापून, थरथरून सैल होते आणि डिझेल गळायला लागतं. मग दुसरा उघडला. तीच रिंग. खोकंच दुसऱ्या मॉडेलचं आलं होतं. माझ्या बारीक उत्तरातले ते दोन जनरेटर म्हणजे प्रत्यक्षात एकच जनरेटर होता, आणि तोही काही तासांचा. तो देखभालवाला भिंतीला टेकून खाली बसला. मॅडमनी त्याला पाणी दिलं.

एखादा म्हणेल, मग त्यांचा सत्कार झाला असेल. ऐका. रिंग बदलल्या, जनरेटर नीट झाले, आठवड्यानं समिती बसली. अध्यक्षांनी मला विचारलं, “आता दुरुस्ती झाली आहे. तुमचा आकडा बदलतो का?” मी म्हणालो, “नाही, सर. बदलत नाही.” शब्दशः खरं होतं ते. दुरुस्त झालेल्या जनरेटरांचा आकडा मूळचाच येणार. त्या एका वाक्यावर मॅडमचं सगळं सापडणं ‘किरकोळ निरीक्षण, दुरुस्त’ या खान्यात गेलं आणि मुदतवाढ मंजूर झाली. मॅडमनी असहमतीची नोंद लिहून दिली, स्वतःच्या हातानं, तीन पानं. त्यांची मागणी एका ओळीची होती. जी यंत्रं एकमेकांना आधार म्हणून ठेवली आहेत त्यांची देखभाल एकाच हाताने करू नये, आणि मुदतवाढ देण्याआधी आमच्या माणसानं जाऊन डोळ्यांनी बघावं. ब्याद टळावी म्हणून समितीनं ती ओळ नियमांत घातली. सहा महिन्यांत मॅडमची बदली प्रशिक्षण विभागात झाली. निवृत्तीपर्यंत त्या नव्या मुलांना शिकवत राहिल्या, आणि त्यांना केंद्रावर पुन्हा पाठवलं गेलं नाही.

माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. मग एक दिवस कँटीनमध्ये ताट घेऊन समोर येऊन बसल्या. “तुझं गणित चुकलं नाही रे. तुला विचारलेला प्रश्न चुकीचा होता, आणि ते तुला माहीत होतं.” इतकंच बोलल्या, आणि माझ्या ताटातला पापड उचलून खाल्ला. आजही ते वाक्य मला झोंबतं, आणि झोंबावंच.

निवृत्तीनंतर त्या वेसाव्याला भावाच्या घरी राहायला गेल्या. मी अधूनमधून रविवारी जायचो. पुढच्या खोलीत फळीचा झोपाळा आहे, वरच्या दोन कड्यांना दोन दोरांनी टांगलेला. एकदा गेलो तर त्या स्टुलावर चढून दोर बदलत होत्या. डावीकडची गाठ स्वतः मारली आणि खाली उतरून मला म्हणाल्या, “ही दुसरी तू मार.” म्हटलं, मॅडम, मला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, तुमची इतकी सुंदर गाठ आहे, तुम्हीच मारा ना. तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. होडी नांगरताना ते एक दोर स्वतः बांधायचे आणि दुसरा मुलीला बांधायला लावायचे. “मी म्हणायचे, बाबा, तुला चांगली येते, तूच बांध ना. तर बोलायचा, माझी सवयच चुकीची असली तर, बाय? दोन्हीकडं तीच जाईल.” मी स्टुलावर चढलो आणि कशीबशी एक गाठ मारली. ती बघून मॅडम खो-खो हसल्या. मग दोर धरून सगळं वजन टाकून लोंबकळल्या, आणि म्हणाल्या, “टिकेल. दिसायला वाईट आहे, पण टिकेल.” त्यावरच दोघं बसून आम्ही चहा प्यायलो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. ज्या बैठकीत मला त्या गेल्याचं कळलं, ती बैठक नियमांच्या नव्या मसुद्याची होती. त्यात मॅडमची ती ओळ काढून टाकलेली आहे. कारण दिलंय, ‘इतक्या वर्षांत या अटीमुळे उल्लेखनीय असे काहीही आढळलेले नाही, तसेच तिचा जोखमीवरील परिणाम आकड्यांत दाखवता येत नाही.’ काही आढळलं नाही! अहो, कुणीतरी येऊन रजिस्टरं शेजारी-शेजारी ठेवणार आहे हे ठाऊक असल्यावर लोक दोन्ही फिल्टर एका हातानं बदलत नाहीत, म्हणून आढळलं नाही. काही न घडणं हेच तर आमचं काम, आणि तेच आता त्या ओळीविरुद्धचा पुरावा म्हणून मांडलं जातंय. जोखीम बघून देखरेख करायची ती शहाणपणानं नजर वळवण्यासाठी, नजर काढून घेण्यासाठी नव्हे. मॅडमला आकड्यांचा राग नव्हता. आकडा पुढे करून न बघणाऱ्यांचा होता, आणि तो त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत सोडला नाही. ‘पटलं होतं’ म्हणणाऱ्या साहेबांनी हे लिहून घ्यावं.

मसुद्यावर जोखीम विभागातर्फे सही माझी हवी आहे. गेल्या शुक्रवारी सहीच्या जागी मी असहमतीची नोंद जोडली. हातानं लिहिली, पानं साडेतीन भरली. त्यात बारा-तेरा वर्षांपूर्वी समितीला दिलेलं माझं उत्तरही लिहिलं, आणि ते पळपुटं होतं हेही. त्याच साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “मिलिंद, दोन वर्षं राहिलीत तुमची. हे कशाला आता?” मी म्हणालो, “सर, तुम्ही विचारलंत तर आकडा बदलत नाही. पण मी सही करत नाही.” ओळ राहील की जाईल, मला माहीत नाही. प्रशिक्षण विभागात माझ्यासाठी खुर्ची रिकामी आहे म्हणतात. बसेन. नव्या मुलांना सांगण्यासारखं माझ्याकडे आहे.

परवा रविवारी वेसाव्याला गेलो. मॅडमची भाची रेश्मा घरी होती. अंधेरीला ऑफिसात असते, पण घरातलं सुतारकाम, वायरिंग सगळं हीच करते. खाऱ्या हवेनं झोपाळ्याचे दोर पार कुजले होते. नवे दोर आणून तिनं जमिनीवर ठेवले होते. वर डावीकडे मॅडमची गाठ, उजवीकडे माझी, दोन्ही तशाच. “काका, आत्याची सोडायला हात होत नव्हता,” म्हणाली. मग आम्ही दोघांनी मिळून ती सोडवली. माझी सोडवायला जास्त वेळ लागला. रेश्मा दोर घेऊन स्टुलावर चढली. “तुम्ही बसा ना, काका. पाच मिनिटांचं काम, मारते मी दोन्ही. मला येते चांगली.”

“दोन्ही नको,” मी म्हणालो. “डावी तू मार. उजवी मी.”

“तुमची गाठ? ती दाखवून दाखवून आत्या अख्ख्या गावाला हसवायची.” पण स्टुलावरून उतरली. आधी तिनं मारली, मग मी. मला वेळ लागला. नंतर मी तिची गाठ ओढून बघितली, आणि तिनं माझी.